देवकपाशीची मर्जी

नरहररावांच्या तब्येतीचा निकाल दर सकाळी अंगणातली देवकपाशी लावायची. ब्लडप्रेशरचं मशीन घरात होतं, मुलानं चांगलं डिजिटल आणून दिलेलं, पण सुनीतीबाईंचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्या उठायच्या, तुळशीला पाणी घालायच्या आणि मग टाकीजवळच्या त्या माणसापेक्षा उंच झुडपासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. पानं हिरवीगार असली की नरहररावांना फोडणीचे पोहे. चार-दोन पिवळी दिसली की ज्वारीच्या कण्या. आणि पानं गळायला लागली की मग विचारूच नका, मुगाच्या डाळीचं पाणी, आणि फाटकाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही.

माणूस आर्णीच्या तहसील कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. भल्याभल्या साहेबांना 'नियमात बसत नाही' म्हणून परत पाठवणारा. आता एका झुडपाच्या हुकुमानं बसायचं आणि उठायचं म्हणजे काय प्रकार झाला? पण झाला होता खरा.

त्याचं असं झालं. दोन वर्षांमागे एका दुपारी नरहररावांच्या छातीत कळ आली आणि ते ओट्यावरच आडवे झाले. अँब्युलन्स येईल तेव्हा येईल. समोर रहमतभाईचा गाद्यांचा कारखाना. त्याचा टेम्पो दारात उभा, आत कोणाच्या तरी लग्नाच्या कोऱ्या करकरीत गाद्या. रहमतभाईनं विचार केला नाही, नरहररावांना, म्हणजे त्याच्या बाबूजींना, उचलून त्या गाद्यांवर टाकलं आणि यवतमाळचा रस्ता धरला. मागे डोकं मांडीवर घेऊन बसली त्याची लेक निलोफर. लहानपणी ती यांच्याच ओट्यावर पाढे शिकली होती. बाबूजींचे डोळे मिटायला लागले की ती गालावर चापट मारायची आणि म्हणायची, "काका, झोपू नका. सतराचा पाढा म्हणा." तिला सतराच्या पाढ्यासाठी यांनी किती छळलं होतं, त्याचा पुरेपूर वचपा पोरीनं त्या दिवशी काढला. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

नरहरराव दवाखान्यात होते तेव्हा इकडे झाडाला पाणी कोण घालणार? देवकपाशी पार वाळून काड्या झाली. आणि ते घरी आले त्याच सकाळी त्या काड्यांवर जागोजागी तांबूस कोंब. सुनीतीबाईंनी ते पाहिलं, नवऱ्याला पाहिलं आणि त्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं, की यांचा जीव या झाडात आहे. आधी हे झाड नुसतं वातींसाठी होतं, देवापुढे याच कापसाची वात लागायची. आता ते घरातलं वडील माणूस होऊन बसलं.

नरहरराव चारचौघांत हसायचे. "आमचं हार्ट आता टाकीजवळ लावलं आहे," असं म्हणायचे. पण खरं सांगायचं तर आतून त्यांची टरकली होती. सुनीतीबाई आंघोळीला गेल्या की ते हळूच उठून स्वतः पानं बघून यायचे. एकदा एक पान पिवळं दिसलं तर दिवसभर नाडी धरून बसले होते.

अशातच तो बोंडअळीचा हिवाळा आला. गुलाबी अळीनं तालुक्यातला कापूस आतून पोखरून ठेवला होता. वरून बोंड ठणठणीत, फोडलं की आत किडका काळा कापूस आणि लोळत पडलेली अळी. बाजारात, ओट्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत दुसरा विषय नव्हता. थंडीही कडाक्याची पडली आणि मार्गशीर्षातच देवकपाशीची पानं झडायला लागली. पौष लागेस्तोवर झाड नागडं. नरहरराव घरात जेरबंद.

आणि नेमकं माघात निलोफरचं लग्न. लग्न यवतमाळला, मुलाकडच्यांच्या हॉलमध्ये. ती स्वतः पत्रिका घेऊन आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही नाही आले तर मी कबूलच म्हणणार नाही. काझीसाहेब बसतील वाट पाहत."

"मी येणार. काही झालं तरी येणार," नरहरराव म्हणाले. डोळे भरून आले होते, ते चष्मा पुसायच्या बहाण्यानं त्यांनी टिपले.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "झाडाला पानं आली तर येतील."

निलोफर हसून निघून गेली. नरहररावांना मात्र हसू येईना. ज्या पोरीनं मांडीवर डोकं घेऊन परत आणलं, तिच्या लग्नाला एका काटकीनं परवानगी दिली नाही म्हणून जायचं नाही, हे कोणाला सांगणार? आणि पानाशिवाय एसटीत बसायची तर त्यांची स्वतःचीच हिंमत होत नव्हती. पानं यायलाच पाहिजे होती, लग्नाच्या आत.

त्यांचा मुलगा मंदार कृषी सहायक होता. आता जरा याची गंमत ऐका. त्या हिवाळ्यात मंदारला एकच काम होतं. गावोगाव फिरायचं, पारावर सभा घ्यायची आणि घसा फोडून सांगायचं, की बाप्पाहो, फरदड घेऊ नका. वेचणी संपली की शेतकरी वाळत आलेल्या पऱ्हाटीला एक पाणी देतो, मूठभर युरिया टाकतो आणि झाड पुन्हा हिरवं होऊन थोडा कापूस देतं, ती फरदड. फुकटचा कापूस, पण अळीला बारमाही खानावळ. तेव्हा पऱ्हाट्या उपटा, शेतात ढोरं सोडा, एक काडी उभी ठेवू नका. मंदार हे झोपेतसुद्धा बोलायचा. आणि त्याच्याच घरात, टाकीजवळ, भर माघात कपाशीचं झाड उभं.

रविवारी तो चहा घेत बसला होता तेव्हा नरहररावांनी विषय काढला. "मंदार, गळलेल्या झाडाला लवकर पानं आणायची असली तर काय करतात?"

"कोणत्या झाडाला?"

"असंच. समज, आपल्या देवकपाशीला."

मंदारनं कप खाली ठेवला. "बाबा, ती खरं तर मुळापासून उपटून जाळायला पाहिजे. मी लोकांना काय तोंड दाखवू?"

"ती उपटली तर तुझी आई मला जिवंतपणी भिंतीवर टांगेल, हार घालून. तू फक्त सांग."

बाप इतका केविलवाणा त्यानं कधी पाहिला नव्हता. शेवटी बोलला. "पानं गेली म्हणजे झाड मेलं असं नसतं. मुळात आणि खोडात त्याचं जेवण साठवलेलं असतं. सालीच्या आत जागोजागी डोळे असतात, झोपलेले. शेंडा असतो ना, तो वरून दाब ठेवतो, खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा छाटला की दाब जातो. मग पाणी मिळालं की खालचे डोळे फटाफट फुटतात."

"म्हणजे साहेब दौऱ्यावर गेला की क्लार्क लोक कसे कामाला, आपलं, फुटायला लागतात," नरहरराव म्हणाले. वनस्पतीशास्त्र त्यांना जन्मात इतकं पटलं नव्हतं. "मग छाट तू."

"मी? मी फरदड घेऊ?"

"फरदड कशाला म्हणतो? औषधोपचार म्हण."

सुनीतीबाई मंदिरात गेल्यावर बापलेक कात्री घेऊन टाकीजवळ गेले. मंदारनं इकडेतिकडे पाहिलं. कोंबडी चोरायला आलेला माणूससुद्धा एवढा चोरट्यासारखा पाहत नसेल. मग त्यानं शेंडे छाटले, जुनी किडकी बोंडं तोडून पेटवून दिली, बुडाशी आळं केलं आणि पाणी सोडलं. चिमूटभर युरियाही टाकला. कंबर वाकवून तो आळ्यातलं पाणी हातानं सारखं करत होता आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

फाटकात उकंडा उभा. मंदारच्या हद्दीतल्या गावचा शेतकरी, पागोटं, हातात पिशवी. गेल्याच आठवड्यात मंदारनं त्याला भर सभेत उभं करून झापलं होतं, तुझ्या शेतात अजून पऱ्हाटी उभी कशी म्हणून. बिचारा सांगायला आला होता, की मेंढरं सोडून सगळं साफ केलं.

उकंडानं छाटलेलं झाड पाहिलं. आळं पाहिलं. युरियाची पुडी पाहिली. मग साहेबाकडे पाहिलं.

"साहेब, हे काय करून राह्यले?"

"ही देवकपाशी आहे, उकंडाभाऊ. देवाच्या वातीसाठी असते."

"असंन. पन अळीले समजते का, हे देवाचं हाय म्हनून?"

मंदारचे कान लाल झाले. नरहररावांनी उकंडाला ओट्यावर बसवलं, चहा करून दिला आणि सगळी हकिकत सांगून टाकली. हार्ट, टेम्पो, झाड, निलोफर, सगळं. उकंडा ऐकताना मधूनच मान हलवत होता. चहा संपवून तो बशी खाली ठेवत म्हणाला, "म्हंजे तुमची मालकीन झाडाले इचारते, अन् झाड तुमाले सांगते."

"तसंच काहीसं."

"आमच्या घरी तं मालकीन डायरेक्ट सांगते. एवढा फेरा नाही राहत." मग मंदारकडे वळून, अगदी नम्रपणे, "मी गावात काही बोलत नाही साहेब. फक्त पुढच्या सभेत मले उभं करू नका. गुडघे दुखतात."

मंदारनं मान खाली घालून कबूल केलं. आणि बापाकडूनही कबूल करून घेतलं, की पानं आली तरी या वर्षी एक बोंड धरू द्यायचं नाही. नरहरराव तेव्हा काहीही कबूल करायला तयार होते.

सुनीतीबाई मंदिरातून आल्या तेव्हा टाकीजवळ जरा वेळ थांबल्या. "छाटलं का?" एवढंच म्हणाल्या.

"मंदार म्हणाला, कृषी खात्याचं तसं आहे," नरहरराव पेपरमागून म्हणाले.

"हं," म्हणून त्या आत गेल्या. नरहररावांना वाटलं, सुटलो.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसता जाच. नरहरराव चष्मा लावून खोड न्याहाळायचे, चष्मा काढून न्याहाळायचे, बोटानं साल चाचपायचे. काही नाही. रहमतभाई ओट्यावर यायचा, खोडाला नखानं खरवडायचा आणि छातीठोकपणे सांगायचा, "बाबूजी, ये तो गया. जन्मभर कापूस पिंजून राह्यलो मी, मले समजते. मेलं हे." कापूस पिंजणाऱ्याला झाडातलं काय कळतं, हे नरहररावांना माहीत होतं, तरी त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

आणि मग एका सकाळी सालीवर मोहरीएवढी गाठ दिसली. दुसऱ्या दिवशी चार दिसल्या. पुढे बघता बघता सगळं खोड अंगावर शहारा यावा तसं कोंबांनी भरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी तर चिमुकली, हाताच्या पंजासारखी फाकलेली, तांबूस-हिरवी पानं. नरहररावांना इतका आनंद झाला की ते बनियनवरच धावत समोर गेले, रहमतभाईला ओढून आणायला. कोण मेलं म्हणत होता ते दाखवायला. सुनीतीबाई बाजारात गेल्या होत्या, नाहीतर या धावण्यावरूनच रामायण झालं असतं.

घाईत फाटक उघडंच राहिलं.

रहमतभाईच्या दारात पाहुण्यांची गर्दी. घरच्या पाहुण्यांच्या जेवणासाठी आणलेला बोकड खांबाला बांधला होता, तो दाव्यातून मान काढून कधी निघाला कोणाच्या लक्षात आलं नाही. नरहरराव रहमतभाईचा हात धरून परत आले तेव्हा बोकड टाकीजवळ उभा होता. तोंड हलवत होता. अगदी सावकाश, मुरलेल्या माणसानं पान चघळावं तसं. देवकपाशीवर एक पान नव्हतं. कोंबसुद्धा त्यानं खरवडून खाल्ले होते.

रहमतभाईनं कपाळाला हात लावला. "तौबा. बाबूजी, माफ करा. आज संध्याकाळी याचा हिशोब होतेच."

"त्याचा हिशोब होऊन माझी पानं येतात का?" नरहरराव म्हणाले आणि आळ्याच्या कडेवर मटकन बसले. छातीत धडधडायला लागलं होतं. ती धडधड धावण्याची की भीतीची, ते त्यांनाच समजेना. रहमतभाई बोकडाला ओढत, वर स्वतःलाच शिव्या देत निघून गेला.

आता ऐका, या सद्गृहस्थानं काय केलं ते. आयुष्यभर कचेरीत एक खोटा दाखला दिला नाही म्हणून ज्यांचा लौकिक, त्या नरहररावांनी घरात जाऊन सुईदोऱ्याचा डबा आणला. परसातल्या गोडनिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, डहाळी तोडली. आणि हिरव्या दोऱ्यानं गोडनिंबाची पानं कपाशीच्या खोडाला बांधायला लागले. कपाशीचं पान पंजासारखं, गोडनिंबाचं सुरीच्या पात्यासारखं, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण बुडत्या माणसाला कुठे एवढं सुचतं. त्यांचं आपलं चाललं होतं, जीभ दातांत धरून, गाठीवर गाठ.

"बरं जमून राह्यलं की," मागून आवाज आला.

सुनीतीबाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. नरहररावांच्या हातातून रीळ सुटलं आणि गडगडत आळ्यात गेलं. 

सुनीतीबाईंनी एक बांधलेलं पान चिमटीत धरलं, चुरगळलं आणि वास घेतला. मग त्यांना हसू फुटलं. आधी तोंडातल्या तोंडात, मग पदर तोंडाला लावून, मग पिशवी खाली टाकून त्या टाकीच्या कठड्यावर बसल्या आणि हसत राहिल्या. "फोडणी द्यायची आहे का झाडाला?" एवढंच त्यांना कसंबसं बोलता आलं.

नरहररावही ओशाळून हसले. पण मग त्यांच्या लक्षात आलं, की बाई हसत नव्हत्या. कधी हसायच्या थांबल्या आणि कधी रडायला लागल्या ते कळलंच नव्हतं.

"अगं, बोकडानं खाल्ली. पानं आली होती, देवाशपथ. रहमतला विचार."

"मला माहीत आहे आली होती ते. मी रोज बघत होते. माझ्या माहेरी परसात दोन होत्या. थंडी कडाक्याची पडली की गळायच्या, फाल्गुनात पुन्हा फुटायच्या. बकऱ्यांनी खाल्ल्या तरी फुटायच्या. देवकपाशीला काय धाड भरते?"

नरहरराव बघतच राहिले. "म्हणजे तुला ठाऊक होतं? मग माझा जीव झाडात वगैरे?"

"तुमचा जीव झाडात नाही. तुमचा जीव त्या लाल, तेलकट तर्रीत आहे." सुनीतीबाईंनी डोळे पुसले आणि आता त्यांना राग आला होता, खरा, जुना राग. "दवाखान्यातून आलात आणि त्याच आठवड्यात बसस्टँडवर तर्री-पोहे खाताना सापडलात. आठवतं? मी तिथे, सगळ्यांसमोर, तुमच्या पाया पडले. तुम्ही काय केलं? हसले. म्हणाले, बायकोचं काय मनावर घ्यायचं, ती तर बोलतच राहते. तो चहावालाही हसला. घरी आले तर मला वाटलं, हा माणूस आता मरतो, आणि मी सांगून सांगून थकते. मग म्हटलं, बघू झाडाचं ऐकतो का. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मुकाट्यानं कण्या खायला लागले."

"पण मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं, हेच तर. छत्तीस वर्षं संसार केला. माझं एक ऐकलं नाही. लाकडाचं ऐकलं."

 नरहररावांना ते तर्री-पोह्याचं सगळं आठवत होतं. बायको पाया पडली होती आणि आपल्याला तेव्हा फक्त लाज वाटली होती, चारचौघांत तमाशा केला म्हणून. त्यांना आता स्वतःची इतकी शरम वाटली की मान वर करवेना. दोन वर्षं ते रोज चोरून पानं बघून येत होते. या बाईचं तोंड एकदाही बघितलं नव्हतं, ते उतरलं आहे का, सुकलं आहे का.

ते उठले. कपाशीला बांधलेले दोरे एकेक करून सोडले. त्यांना वेळ लागला, गाठी घट्ट बसल्या होत्या. सुनीतीबाई बसल्या होत्या तशाच बसून बघत होत्या. समोर रहमतभाईकडे ढोलकी सुरू झाली होती आणि बाया हळदीची गाणी म्हणत होत्या.

सगळी पानं काढून झाल्यावर नरहरराव बायकोसमोर येऊन उभे राहिले. कचेरीत मोठ्या साहेबासमोर उभे राहायचे तसे, हात पुढे बांधून.

"उद्या निलोफरच्या लग्नाला जाऊ का?"

सुनीतीबाईंनी त्यांच्याकडे वर पाहिलं, संशयानं. "विचारून राह्यले, का सांगून राह्यले?"

"विचारतो आहे."

सुनीतीबाई कठड्यावरून उठल्या. पिशवी उचलली, सांडलेल्या पालकाच्या जुड्या नीट भरल्या, पदर झटकला. त्यांना घाई नव्हती. नरहरराव हात बांधून तसेच उभे राहिले.